एकच बेट, दोन चित्रपट: 'फ्लॅग्ज' आणि 'लेटर्स'मधला फरक

चांगले युद्धपट सुचवा म्हटलं की यादीत दुसऱ्या महायुद्धातल्या इवो जिमाच्या लढाईचं नाव येतंच, आणि तिथूनच घोळ सुरू होतो. क्लिंट ईस्टवुडने या एकाच लढाईवर दोन चित्रपट केले आणि दोन्ही २००६ मध्येच आले. ऑक्टोबरात 'फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स', डिसेंबरात 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा'. दिग्दर्शक तोच, कॅमेरामन टॉम स्टर्न तोच, रंग उडाल्यासारखी करडी छटाही तीच. त्यामुळे बहुतेकांचा समज असा, की गोष्ट एकच आहे, एकदा अमेरिकनांच्या बाजूने सांगितलेली आणि एकदा जपान्यांच्या. मग एक पाहिला की दुसरा राहूनच जातो. हा समज खोडून काढायलाच हवा, कारण दोघांचा विषयच वेगळा आहे. 'लेटर्स' हा अस्सल युद्धपट आहे. 'फ्लॅग्ज' मात्र त्या लढाईचं पुढे मायदेशी काय केलं गेलं, याचा चित्रपट आहे.

लढाईबद्दल थोडक्यात. इवो जिमा हे टोकियोच्या दक्षिणेला सुमारे १,२०० किलोमीटरवरचं, जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं ज्वालामुखी बेट. काळी राख, गंधकाचा वास आणि प्यायच्या पाण्याचे हाल. मारियाना बेटांवरून जपानवर जाणाऱ्या बी-२९ बॉम्बर विमानांच्या वाटेवरच ते होतं, म्हणून तिथल्या धावपट्ट्या अमेरिकेला हव्या होत्या. १९ फेब्रुवारी १९४५ ला अमेरिकन मरीन सैनिक किनाऱ्यावर उतरले आणि लढाई २६ मार्चपर्यंत चालली. सुमारे ६,८०० अमेरिकन मारले गेले. जपानी शिबंदी २१,००० च्या आसपास होती. त्यातले लढाई चालू असताना जिवंत हाती लागले फक्त २१६.

'फ्लॅग्ज'चा जीव एका फोटोत आहे. लढाईच्या पाचव्या दिवशी, २३ फेब्रुवारीला, सुरिबाची डोंगरावर सहा जण झेंडा उभारत असताना छायाचित्रकार जो रोझेंथालने तो टिपला. खरं तर तो त्या दिवशीचा दुसरा झेंडा. आधीचा लहान होता, तो उतरवून हा मोठा चढवला जात होता. फोटो अमेरिकाभर पोहोचला. सहापैकी तिघे पुढच्या काही आठवड्यांत त्याच बेटावर मारले गेले, आणि उरलेले म्हणून जॉन ब्रॅडली, रेने गॅगनन आणि आयरा हेस या तिघांना मायदेशी आणून युद्धरोखे, म्हणजे युद्धखर्चासाठी सरकारने काढलेले कर्जरोखे, खपवण्यासाठी शहरोशहरी फिरवलं गेलं. रोखेविक्रीच्या त्या सातव्या मोहिमेचं लक्ष्य १४ अब्ज डॉलरचं होतं. जमले २६ अब्जांहून जास्त.

चित्रपट या दौऱ्याला चिकटून राहतो. शिकागोच्या सोल्जर फील्डवर, खच्चून भरलेल्या प्रेक्षकांसमोर, तिघांना कागदाच्या लगद्याच्या खोट्या डोंगरावर चढून झेंडा लावून दाखवायला लावतात. एका मेजवानीत त्यांच्यापुढे झेंडा उभारणाऱ्या सैनिकांच्याच आकाराचा गोड पदार्थ येतो. वाढपी विचारतो, चॉकलेट की स्ट्रॉबेरी? आणि त्या पांढऱ्या आकृत्यांवरून लालभडक सॉस ओघळत खाली येतो. लढाईच्या कुठल्याही दृश्यापेक्षा मला हे दृश्य जास्त लागलं, कारण वाढपी आपुलकीने विचारतोय, यजमानांच्या मनात आदरच आहे, आणि तरीही समोर बसलेल्या माणसाला काय दिसतंय ते त्या सभागृहात कुणालाच कळत नाही. तसंच दुसरं दृश्य बेटाकडे निघालेल्या जहाजावरचं. एक पोरगा पाण्यात पडतो, डेकवरचे हसतात, त्याला चिडवतात. हळूहळू त्यांच्या लक्षात येतं की एका माणसासाठी हा ताफा थांबणार नाही.

तिघांतला आयरा हेस विसरणं अवघड. तो पिमा या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीचा. सभेत त्याला वीर म्हणतात आणि बारमध्ये आदिवासी म्हणून दारू नाकारतात. फोटोतला एक जण म्हणून भलत्याच सैनिकाचं नाव जाहीर झालंय आणि प्रत्यक्षात तो हार्लन ब्लॉक आहे, हे हेसला ठाऊक होतं. १९४६ मध्ये तो ॲरिझोनाहून टेक्सासला ब्लॉकच्या वडिलांना हे सांगायला गेला. १९४७ मध्ये अधिकृत दुरुस्ती झाली. १९५५ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, हेस वारला.

पुढे आणखी एक गोष्ट घडली, ती माहीत असेल तर चित्रपट वेगळाच दिसतो. २०१६ मध्ये मरीन कोअरने, म्हणजे अमेरिकेच्या मरीन दलाने, मान्य केलं की फोटोतल्या सहांत जॉन ब्रॅडली नव्हताच, हॅरल्ड शुल्ट्झ होता. २०१९ मध्ये गॅगननच्या जागी हॅरल्ड केलरचं नाव आलं. म्हणजे दौऱ्यावर फिरवलेल्या तिघांपैकी त्या चौकटीत प्रत्यक्ष होता तो एकटा हेस. यामुळे चित्रपट कालबाह्य झाला असं काही जण म्हणतात. मला उलटं वाटतं. देशाला चेहरे हवे होते, ते त्याने उभे केले, हे तर चित्रपट आधीपासूनच सांगत होता.

'फ्लॅग्ज'मध्ये खोट आहेच. तीन काळ एकमेकांत इतके गुंतवलेत की पहिला अर्धा तास हेल्मेटखालचे चेहरे ओळखण्यातच जातो, आणि शेवटी निवेदक जे दिसतंय तेच पुन्हा बोलून दाखवतो. ब्रॅडली, गॅगनन आणि हेस एवढे तिघे धरून ठेवले तर बाकीचं आपोआप लागत जातं.

आता 'लेटर्स'. आयरिस यामाशिताच्या पटकथेवर बेतलेला हा चित्रपट जवळजवळ पूर्ण जपानीत आहे, सरळ रेषेत चालतो आणि त्याची सुरुवात खणण्याने होते. साईगो नावाचा बेकरीवाला तरुण वाळूत चर खणतोय आणि हे बेट अमेरिकनांना देऊन टाका म्हणून करवादतोय. घरी बायको गरोदर आहे. तेवढ्यात नवा सेनापती येतो, जनरल तादामिची कुरिबायाशी. केन वातानाबेने तो असा उभा केलाय की पहिल्याच फेरीत बेट पायी पालथं घालणारा हा माणूस कसा विचार करतो ते न बोलता कळतं. खरा कुरिबायाशी १९२८ ते १९३० या काळात अमेरिकेत राहिलेला, तिथून मुलाला चित्रं काढून पत्रं पाठवणारा. त्या देशाची कारखानदारी त्याने पाहिली होती, त्यामुळे जिंकण्याचा प्रश्नच नाही हे त्याला कळत होतं. म्हणून त्याने किनाऱ्यावरचे चर सोडून डोंगर पोखरायला लावला. सुमारे १८ किलोमीटरची भुयारं तयार झाली. अंगावर धावून जाऊन मरायचे हल्ले त्याने बंद केले. शक्य तितके दिवस शत्रूला अडकवून ठेवायचं, एवढंच गणित. मदत येणार नाही हे प्रेक्षकाला लवकर कळतं, शिपायांना तुकड्यातुकड्याने. सगळा ताण तिथे आहे.

याही चित्रपटाबद्दल एक तक्रार. त्यातले दोन सहृदय अधिकारी, कुरिबायाशी आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीचं सुवर्णपदक मिळवलेला बॅरन निशी, दोघेही अमेरिका पाहिलेले. त्यामुळे पाश्चात्त्य प्रेक्षकाला माया लावणं सोपं जातं. १९४१ मध्ये हाँगकाँग घेणाऱ्या जपानी सैन्यात कुरिबायाशी चीफ ऑफ स्टाफ होता, हे चित्रपट सांगत नाही. पण तो जपान्यांना देवमाणसं करून सोडत नाही हेही खरं. पकडलेल्या अमेरिकनाला संगिनींनी भोसकणारे त्यात आहेत, आणि शरण आलेल्या जपान्यांना गोळ्या घालणारे अमेरिकनही.

दोन चित्रपट एकमेकांना खरे भिडतात ते सुरिबाचीच्या गुहेत. 'फ्लॅग्ज'मध्ये मरीन आत शिरतात तेव्हा हातबॉम्बने स्वतःला उडवून घेतलेल्या जपान्यांची प्रेतं दिसतात. काही क्षणांचं दृश्य, किळस येते आणि चित्रपट पुढे सरकतो. 'लेटर्स'मध्ये आपण त्याच अंधारात आतून बसलेलो असतो. एकेक जण हातबॉम्ब हेल्मेटवर आपटतो, छातीशी धरतो. एकाचा हात थरथरतोय, दुसरा घरच्यांचा फोटो बघतोय, आणि साईगो कोपऱ्यात आपली पाळी येण्याची वाट बघत उभा आहे. म्हणूनच आधी 'फ्लॅग्ज' आणि मग 'लेटर्स' हाच क्रम ठेवावा. उलट क्रमाने पाहिलं तर ती प्रेतं आधीच ओळखीची झालेली असतात, आणि त्यांच्याकडे परक्यासारखं बघितल्याची बोच लागत नाही.

दोन्ही सव्वादोन तासांच्या आसपासचे आहेत. मध्ये एखादा दिवस जाऊ द्यावा. लहान मुलांना सोबत बसवू नये. एकच बघणार असाल तर 'लेटर्स' बघा. रणभूमीपेक्षा सत्ता, प्रसिद्धी आणि पैसा यांत रस असेल तर मात्र 'फ्लॅग्ज' सोडू नका.

आणि 'लेटर्स' डब केलेला बघू नका, सबटायटल्स लावून जपानीतच बघा. त्यात सॅम नावाचा जखमी अमेरिकन सैनिक जपान्यांच्या हाती लागतो. निशी त्याच्याशी इंग्रजीत बोलतो. बाकीच्यांना त्यातलं अक्षरही कळत नाही. सॅम मरतो, आणि निशी त्याच्या आईचं पत्र जपानीत करून मोठ्याने वाचू लागतो. घरची कुत्री, कुंपण, अशा साध्यासुध्या गोष्टी. ऐकता ऐकता शिपाई एकामागून एक उठून उभे राहतात. सगळीच पात्रं एका भाषेत बोलू लागली, तर ते का उभे राहिले हेच कळणार नाही.