अमेरिकेतल्या कॉलेजांची एड लेटर: अर्ज, पात्रता, कागदपत्रं आणि घरी बसून करायची तुलना

मार्चच्या अखेरीस बारावीतल्या मुलांना प्रवेशाची पत्रं येतात. त्यांच्यासोबत किंवा थोड्या दिवसांनी आर्थिक मदतीचं पत्र येतं, त्यालाच सगळे एड लेटर म्हणतात. कोणतं कॉलेज घ्यायचं ते बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत कळवायचं असतं. म्हणजे सगळी पत्रं हातात आल्यावर जेमतेम महिना उरतो. या महिन्यात चुकीचा आकडा पाहून निर्णय होतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पत्रावर ठळक छापलेल्या मदतीच्या रकमेवरून कॉलेजांची तुलना करू नका. चार वर्षांत आपल्या घरातून किती डॉलर जाणार, हा आकडा प्रत्येक कॉलेजसाठी काढा आणि तो मुलासमोर काढा.

अमेरिकी संसदेच्या जीएओ या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये कॉलेजांची एड लेटर तपासली. अंदाजे ९१ टक्के कॉलेजं निव्वळ खर्च एकतर सांगतच नाहीत किंवा प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात, असं त्यात आढळलं. तेव्हा पत्र वाचून गोंधळ होत असेल तर तो तुमचा दोष नाही.

पात्र कोण

मदत दोन तऱ्हेची. एक गरजेवर आधारित, म्हणजे घरचं उत्पन्न आणि मालमत्ता पाहून मिळणारी. दुसरी मेरिट, म्हणजे गुण, एसएटी ही प्रवेश परीक्षा, खेळ, संगीत वगैरे पाहून मिळणारी. सरकारी मदतीसाठी फॅफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो. त्यासाठी विद्यार्थी अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक किंवा निर्वासितांसारख्या ठराविक गटांतला असावा लागतो.

आपल्या लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. फॅफ्सामध्ये इमिग्रेशनची अट विद्यार्थ्याला आहे, आईवडिलांना नाही. मुलगी इथे जन्मलेली, वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आई एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आणि आईकडे सोशल सिक्युरिटी नंबरही नाही, तरी ती मुलगी पात्र आहे. नंबर नसलेल्या पालकालाही स्टुडंट एडच्या सरकारी संकेतस्थळावर खातं काढता येतं. केवळ या गैरसमजापायी अर्जच न भरणारी कुटुंबं आहेत, याचं फार वाईट वाटतं.

मूल स्वतः एच-४ वर असेल तर फॅफ्साची दारं बंद. पण कॉलेजची स्वतःची मेरिट स्कॉलरशिप मिळू शकते, आणि अनेक राज्यांत सरकारी विद्यापीठात रहिवासी दराची, म्हणजे त्या राज्यात राहणाऱ्यांसाठीची कमी फीही लागू होऊ शकते. नियम राज्यागणिक बदलतात. या मुलांच्या बाबतीत एक प्रश्न आधीच विचारून ठेवा: एकविसाव्या वर्षी एच-४ संपून एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला, तर रहिवासी दर आणि स्कॉलरशिप टिकेल का? हा प्रसंग बहुधा तिसऱ्या वर्षाच्या आसपास येतो. उत्तर ईमेलवर लेखी घ्या, फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट अशी काही मोजकी कॉलेजं नागरिक नसलेल्यांचाही गरजेनुसार पूर्ण खर्च उचलतात, पण तिथे प्रवेश मिळणंच मुश्कील.

पुण्याला किंवा नाशिकला परत गेलेल्या कुटुंबातलं अमेरिकेत जन्मलेलं मूलही नागरिक म्हणून फॅफ्सा भरू शकतं. आईवडिलांचं भारतातलं उत्पन्न डॉलरमध्ये करून हाताने भरावं लागतं. अशा मुलाला नुसत्या जन्माच्या जोरावर कोणत्याही राज्यात रहिवासी दर मिळत नाही, हे मात्र हिशेबात धरा.

अर्ज आणि कागदपत्रं

फॅफ्सा दरवर्षी उशिरात उशिरा १ ऑक्टोबरला खुला होतो. भरण्याला पैसे लागत नाहीत. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर तिथून बाहेर पडा. उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं धरतात, २०२७-२८ साठी २०२५ चा टॅक्स रिटर्न. विद्यार्थी आणि पालक दोघांची वेगळी खाती लागतात. आईवडिलांनी एकत्र रिटर्न भरला असेल तर एकाचं खातं पुरतं, वेगवेगळा भरला असेल तर दोघांचं. टॅक्स खात्याकडून माहिती थेट येते आणि त्यासाठी संमती द्यावी लागते. ती नाकारली तर सरकारी मदत मिळत नाही, अमेरिकेत रिटर्न न भरणाऱ्या पालकांनाही ती संमती द्यावीच लागते. पालक विभक्त असतील तर मागच्या 
बारा महिन्यांत मुलाचा जास्त आर्थिक भार ज्यांनी उचलला त्यांची माहिती द्यायची.

जवळ ठेवायचे कागद: दोघांचे सोशल सिक्युरिटी नंबर असतील तर ते, ग्रीन कार्ड असल्यास त्याचा क्रमांक, टॅक्स रिटर्न आणि डब्ल्यू-२ (नोकरीतल्या वर्षभराच्या पगाराचा दाखला), अर्ज भरता त्या दिवसाची बँक खात्यांची आणि गुंतवणुकीची शिल्लक, ५२९ खात्यांचे (शिक्षणासाठीच्या बचत खात्यांचे) आकडे.

आता भारतातल्या मालमत्तेबद्दल, कारण यावर घरोघरी कुजबूज असते. कोथरूडचा भाड्याने दिलेला फ्लॅट, एनआरई आणि एनआरओ या परदेशस्थ भारतीयांच्या बँक खात्यांतल्या मुदत ठेवी, आईवडिलांनंतर नावावर आलेली जमीन: तुमच्या मालकीचा जेवढा हिस्सा, तेवढा फॅफ्सामध्ये दाखवायचा. त्यावर कर्ज असेल तर ते वजा करून, त्या दिवसाच्या दराने डॉलरमध्ये. राहतं घर आणि निवृत्तीची खाती मात्र फॅफ्सा विचारत नाही. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेच्या रिटर्नमध्ये ते दाखवावंच लागतं, म्हणून ते उत्पन्नातही येतं. "कुणाला कळणार आहे" हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. अर्जावर सही तुमची आणि मुलाची असते. मुलाच्या पहिल्या सरकारी कागदावर खोटी माहिती घालू नका. शिवाय पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग हिशेबात धरला जातो, त्यामुळे भीती वाटते तेवढा फरक सहसा पडत नाही. मुलाच्या स्वतःच्या नावावरच्या पैशाचा मात्र २० टक्के धरतात.

गावी आईवडिलांना दरमहा पैसे पाठवत असाल तर फॅफ्सामध्ये त्याला जागा नाही. भारतात राहणारे आजीआजोबा सहसा अमेरिकी टॅक्समध्ये अवलंबित ठरत नाहीत, त्यामुळे कुटुंबाच्या संख्येतही येत नाहीत. हे बहुतेक घरांना अन्यायाचं वाटतं, आणि मलाही वाटतं. आईच्या शस्त्रक्रियेसारखा मोठा खर्च असेल तर बिलं जपून ठेवा. पुढे अपिलात ती कामाला येऊ शकतात.

अनेक खासगी कॉलेजं फॅफ्साबरोबर सीएसएस प्रोफाइल नावाचा दुसरा अर्जही मागतात. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकी १६ डॉलर लागतात. उत्पन्न १ लाख डॉलरपर्यंत असेल तर इथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना तो मोफत आहे. यात राहत्या घराची किंमतही विचारतात. भावंड एकाच वेळी कॉलेजात असेल तर फॅफ्सा आता सवलत देत नाही, सीएसएस मागणारी कॉलेजं ते लक्षात घेऊ शकतात. जुळी मुलं असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मेरिटसाठी काही ठिकाणी प्रवेशाचा अर्ज पुरतो. काही ठिकाणी वेगळा निबंध किंवा मुलाखत असते आणि त्याची मुदत नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच संपते. आयव्ही लीगची आठही विद्यापीठं मेरिटवर पैसे देत नाहीत, फक्त गरजेवर देतात. उत्पन्न चांगलं असलेल्या घरांनी मेरिट शोधायचं तर अलाबामासारखी गुणांच्या तक्त्यानुसार स्कॉलरशिप देणारी सरकारी विद्यापीठं पाहावीत. जॉर्जियात राहणाऱ्यांसाठी १९९३ पासून होप स्कॉलरशिप आहे, फ्लोरिडात ब्राइट फ्यूचर्स. अर्ली डिसिजनने, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर, अर्ज करणाऱ्यांना तुलनेची संधी जवळजवळ नसते, कारण तो प्रवेश बांधील असतो. मेरिटचे पैसे ज्यांना महत्त्वाचे आहेत त्यांनी, माझ्या मते, तो मार्ग टाळावा.

पत्रं शेजारी ठेवून

प्रत्येक पत्रातले आकडे चार रकान्यांत लिहा: एकूण खर्च, परत न करायची मदत, कर्ज, वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळवायचे पैसे). एकूण खर्चात फी, राहणं-जेवण, पुस्तकं, प्रवास, आरोग्य विमा सगळं यायला हवं. काही पत्रांत फक्त फी लिहिलेली असते. अशा वेळी बाकीचे आकडे कॉलेजच्या संकेतस्थळावरून घ्या. मग एकूण खर्चातून फक्त परत न करायची मदत वजा करा. कर्ज वजा करू नका, ते मुलीलाच फेडायचं आहे. वर्क-स्टडीही नको, कारण ते पैसे काम मिळालं आणि केलं तरच हाती येतात, फी भरताना ते नसतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. घरच्या राज्यातलं सरकारी विद्यापीठ: खर्च ३८ हजार, मेरिट ५ हजार. खासगी कॉलेज: खर्च ८८ हजार, मदत ४८ हजार ५०० असं पत्रावर ठळक छापलेलं. परराज्यातलं सरकारी विद्यापीठ: खर्च ५२ हजार, मेरिट २४ हजार. खासगीचा आकडा डोळ्यांत भरतो. पण त्यात ५ हजार ५०० कर्ज आणि ३ हजार वर्क-स्टडी आहे. खरी मदत ४० हजार, म्हणजे पहिल्या वर्षी घरातून जाणार ४८ हजार. घरच्या राज्यात ३३ हजार, परराज्यात २८ हजार.

आता चार वर्षं धरा. मेरिटची रक्कम बहुधा चारही वर्षं तेवढीच राहते आणि खर्च मात्र दरवर्षी वाढतो. वाढ ४ टक्के धरली तर खासगी कॉलेजमध्ये चौथ्या वर्षी ४८ हजारांचे जवळजवळ ५९ हजार होतात. चार वर्षांची बेरीज: घरच्या राज्यात सुमारे १ लाख ४१ हजार, खासगीत २ लाख १४ हजार, परराज्यात १ लाख २५ हजार. परराज्यातलं स्वस्त दिसतं. पण त्याची २४ हजारांची स्कॉलरशिप टिकवायला ३.५ जीपीए (४ पैकी सरासरी गुण) लागत असेल आणि पहिल्याच वर्षी इंजिनिअरिंगच्या गणितात घसरण झाली, तर बेरीज १ लाख ९७ हजारांवर जाते. म्हणून नूतनीकरणाची अट हा तुलनेतला सर्वांत महत्त्वाचा रकाना आहे. किती जीपीए, किती क्रेडिट, किती सेमिस्टर, एकदा गेली तर परत मिळते का, मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलला तर काय, हे सगळं विचारा. ३.० आणि ३.५ यांत फार अंतर आहे. शाळेत नेहमी ए मिळवणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना ते सांगूनही पटत नाही.

आणखी एक गोष्ट विचारायची: बाहेरची स्कॉलरशिप आणली तर कॉलेज आपली मदत कमी करतं का? पुष्कळ कॉलेजं करतात. रोटरीचे २ हजार मिळाले आणि कॉलेजने स्वतःच्या मदतीतून २ हजार काढून घेतले, तर मुलाच्या कष्टांचं चीज होत नाही. सरकारी विद्यापीठांना असं करण्यापासून रोखणारा कायदा सर्वांत आधी मेरीलँडने २०१७ मध्ये केला. फीपेक्षा जास्त स्कॉलरशिप मिळून ती राहण्या-जेवणाला वापरली तर तेवढ्या रकमेवर टॅक्स लागतो, हेही लिहून ठेवा.

कर्ज आणि अपील

विद्यार्थ्याच्या नावावर सरकारी कर्ज पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे दरवर्षी ७,५०० डॉलरपर्यंत मिळतं. चार वर्षांचे २७ हजार. पालकांच्या नावावरच्या पेरेंट प्लस कर्जाला नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांची मर्यादा आली आहे. २०२५-२६ मध्ये त्याचा व्याजदर ८.९४ टक्के होता. पत्रातला खड्डा पेरेंट प्लसने भरलेला दिसला तर तो रकाना लाल पेनाने खुणावा. ते तुमचं कर्ज आहे, आणि तुमची निवृत्ती जवळ येत असताना फेडायचं आहे.

पत्रातली मदत अपुरी असेल तर अपील करता येतं. नोकरी गेली, दोन वर्षांपूर्वी शेअर विकून एकदाच जास्त उत्पन्न दिसलं, विम्याबाहेरचा वैद्यकीय खर्च झाला, अशी कारणं कागदांसह पाठवा: कामावरून काढल्याचं पत्र, बिलं, बँकेचे व्यवहार. भारतातल्या आईवडिलांच्या उपचाराची बिलंही जोडा. कॉलेज त्यावर विचार करू शकतं, पण बांधील नसतं. मेरिट वाढवून मागायचं असेल तर समान दर्जाच्या दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून नम्रपणे विचारा. ईमेल मुलीने स्वतः लिहावा, पालकांनी फक्त आर्थिक कागद द्यावेत. आपल्याकडे असं मागायला संकोच वाटतो. इथे त्यासाठी स्वतंत्र कार्यालय आहे आणि तिथली माणसं रोज हेच काम करतात.

या सगळ्याआधी, खरं तर अकरावीच्या उन्हाळ्यातच, मुलाला एक आकडा सांगा: वर्षाला आपण इतके देऊ शकतो. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचं गणकयंत्र असतं, ते दोघांनी मिळून भरा. मुलांपासून पैशाची गोष्ट लपवण्याची आपली सवय असते, भावना चांगलीच असते. पण एप्रिलमध्ये स्वप्नातलं कॉलेज मिळाल्यावर पहिल्यांदा "परवडत नाही" ऐकणं सतरा वर्षांच्या मुलाला फार जड जातं.

कॉलेज ठरलं की १ मेपूर्वी अनामत भरा आणि बाकीच्या कॉलेजांना नकार कळवा. पत्रातली प्रत्येक बाब वेगळी स्वीकारता किंवा नाकारता येते. स्कॉलरशिप घेऊन कर्ज नाकारणं पूर्णपणे चालतं. फॅफ्सातल्या माहितीच्या पडताळणीसाठी निवड झाली तर मागितलेले कागद मुदतीत द्या, नाहीतर मदत अडकून राहते. मूल घरच्या आरोग्य विम्यावर असेल तर कॉलेजचा विमा नाकारण्याचा फॉर्म उन्हाळ्यात भरा. तो राहून गेला तर काही हजार डॉलर बिलात तसेच राहतात. आणि फॅफ्सा पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा भरायचा आहे, चारही वर्षांसाठी.