पडलेलं मूल आधी कुठे बघतं?

नुकतंच चालायला लागलेलं मूल उंबऱ्याला अडखळून पडतं, तेव्हा बऱ्याचदा ते लगेच रडत नाही. क्षणभर थांबतं, आईच्या तोंडाकडे बघतं आणि मग भोकाड तरी पसरतं, नाहीतर उठून चालू लागतं. हाच क्षण अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या संशोधकांनी नेमका पकडला. टेबलावर जाड काच आणि काचेखाली अर्ध्या भागात फूटभर खोल खड्डा. वर्षाची बाळं रांगत काठाशी यायची, थबकायची, पलीकडच्या आईकडे बघायची. आईचा चेहरा हसरा असला, तर १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. चेहरा घाबरलेला असला, तर १७ पैकी एकही नाही. हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणजे आईनं सतत हसरं तोंड ठेवायचं का? मुळीच नाही. प्रश्न आतल्या घालमेलीचा आहे. मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञाने १९५४ पासून अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांना त्यांच्या आयांसोबत वॉर्डात राहायला ठेवलं, पुढे अख्खी कुटुंबंच. एकाची अस्वस्थता दुसऱ्यात कशी उतरते, हे त्याला तिथे रोज दिसत होतं. त्यातून त्याने एक कल्पना मांडली : माणसात जीव गुंतलेला असतानाही आपलं भान आणि आपला विचार शाबूत ठेवण्याची ताकद. आपण तिला भावनिक स्वावलंबन म्हणू.

हा कोरडेपणा नव्हे. तुटून, दगड होऊन बसणं हे बोवेनच्या लेखी स्वावलंबनाच्या उलटच होतं.

दुकानात मूल चॉकलेटसाठी लोळण घेतं. आईच्या छातीत धडधडतं, लोक बघतायत. ती आधी ओरडते, मग चॉकलेट हातात देते. रडणं थांबतं, आईलाही हायसं वाटतं. पण मुलानं धडा घेतला : अजून जोरात रडलं की मिळतं. अमेरिकेतल्या ओरेगनच्या जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी हे चक्र वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन अभ्यासलं. मुलांचा हट्टीपणा, मारकुटेपणा त्यातून बळावतो. जी आई मुलाजवळ उकिडवी बसून, 'राग आलाय ना? पण आज नाही घ्यायचं,' एवढं म्हणू शकते, तिनं ते चक्र तिथंच अडवलेलं असतं. अर्थात मुलाचा स्वभावही आईला घडवतो. मुळातच किरकिऱ्या बाळाची आई लवकर थकते.

म्हणून हे संशोधन आईला बोल लावायला वापरलं, की मला फार चीड येते. बोवेनही आई आणि मूल या जोडीवर थांबला नाही, त्याला वडीलही त्यात दिसले, आजी-आजोबाही दिसले. संध्याकाळी कुकरची शिट्टी, ऑफिसचा फोन आणि 'आमच्या वेळी मुलं अशी नव्हती' हे तिन्ही एकदम कानावर पडत असताना कुणाचं भान शाबूत राहील? अशा वेळी नवऱ्यानं गॅस बंद केला, फोन घेतला आणि सासूबाईंशी चार शब्द बोलला, तर आईला मुलाजवळ खाली बसायला पाच मिनिटं मिळतात.