घोरपडीची पकड, छत्रीच्या काड्या

विहिरीत पोहरा पडला की आमच्या आजोळी गळ शोधला जायचा. चार आकड्यांचा तो लोखंडी गळ दोराला बांधून खाली सोडायचा, तळाशी फिरवायचा आणि हाताला जड लागलं की हलकेच वर ओढायचं. विहीर सात-आठ पुरुष खोल आणि वरून तळाचं पाणी दिसतंय, तरीही कधी कधी त्यात अर्धी सकाळ जायची.

तेलविहिरीवरची माणसं आत अडकलेली वस्तू काढण्याच्या कामाला ‘फिशिंग’ म्हणतात, आणि अडकलेल्या वस्तूला ‘फिश’. म्हणजे काम गळाचंच. फरक एवढाच की तिथे विहीर दोन-तीन किलोमीटर खोल असते, आत गडद अंधार असतो आणि तोंड चहाच्या कपापेक्षा फारसं मोठं नसतं. मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ने १९७४ मध्ये मुंबई हायचं तेल शोधलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्या विहिरींचं आतलं रूप मात्र कुणी दाखवलेलं नसतं.

जुन्या घडीच्या दुर्बिणीची नळकांडी एकात एक बसतात, तशी तेलविहीर असते. वर रुंद पोलादी पाइप, त्याच्या आत अरुंद, त्याच्या आत आणखी अरुंद. खडकाला धरून सिमेंटने पक्का केलेला पाइप म्हणजे केसिंग. ज्यातून तेल वर येतं तो सगळ्यात आतला, बदलता येणारा पाइप म्हणजे ट्यूबिंग. आता नेहमी आढळणारी एक जोडी घेऊ. साडेतीन इंची ट्यूबिंगचा आतला व्यास ७६ मिलिमीटर, पण त्यातून बिनधास्त जाईल अशी खात्री ७२.८ मिलिमीटरपर्यंतचीच. ट्यूबिंग जिथे संपतं, तिथून खाली सात इंची केसिंग उघडं असतं आणि त्याचा आतला व्यास असतो १५७ मिलिमीटर.

समजा, खालच्या एका थरातून तेलाऐवजी पाणी यायला लागलं. तो थर बंद करायला केसिंगमध्ये बूच बसवायचं आहे. त्यासाठी सगळं ट्यूबिंग बाहेर काढणं फार खर्चिक, म्हणून बूच ट्यूबिंगमधूनच न्यायचं. असं उपकरण ५४ मिलिमीटर जाडीचं असू शकतं. ते खाली जाऊन जवळजवळ तिप्पट फुगायला हवं, भिंत धरायला हवी, आणि दाब आला तरी जागचं हलता कामा नये. केसिंगच्या तोंडाचं क्षेत्रफळ १९४ चौरस सेंटिमीटरच्या आसपास. बुचाच्या खालच्या-वरच्या दाबात १०० वातावरणांचा, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १०० पट, फरक पडला तर बुचावर सुमारे २० टन जोर येतो. मालाने भरलेला ट्रक त्या बुचाला टेकून उभा आहे, असं समजा.

मग धरायचं कसं? तानाजीच्या गोष्टीतली घोरपड आपण लहानपणापासून ऐकत आलो. कड्याच्या फटीत नख्या रोवून बसलेली, आणि दोर ओढावा तितकी घट्ट होणारी. गोष्ट इतिहासाच्या कसोटीवर किती टिकते ते बाजूला ठेवू. पकडीचं तत्त्व मात्र खरं आहे, आणि कुदळीच्या दांड्यात पाचर ठोकणारा प्रत्येक माणूस ते जाणतो. उपकरणात एक पोलादी शंकू असतो. त्याच्या उतारावर दात काढलेले तीन-चार तुकडे बसवलेले असतात, त्यांना स्लिप म्हणतात. शंकू सरकला की स्लिप बाहेर रेटल्या जातात आणि त्यांचे दात केसिंगमध्ये रुततात. उतार १५ अंशांचा असेल तर घर्षण सोडून ढकलणाऱ्या जोराच्या पावणेचार पट जोर भिंतीवर पडतो. प्रत्यक्षात घर्षण त्यातला बराच हिस्सा खाऊन टाकतं. खरी खुबी पुढे आहे. बुचावर दाब आला की तोच दाब शंकूला स्लिपखाली आणखी घुसवतो. हलवायला आलेला जोर पकड वाढवतो.

दातांना केसिंगपेक्षा कठीण असावंच लागतं, नाहीतर ते रुतण्याऐवजी घासत जातील. पण विहिरीत हायड्रोजन सल्फाइड असेल तर फार कठीण पोलाद ताणाखाली अचानक तडकतं. म्हणून बऱ्याचदा दाताची फक्त वरची त्वचा कठीण करतात आणि आतला गाभा चिवट ठेवतात.

आमच्या बुचापुढे मात्र वेगळीच अडचण आहे. ५४ चे १५७ मिलिमीटर व्हायचे तर प्रत्येक बाजूला ५१.५ मिलिमीटर बाहेर यावं लागेल. तेवढा उंच शंकू ठेवणार कुठे? उपकरणाची त्रिज्याच २७ मिलिमीटर! इथे पाचर एकटी पुरत नाही. स्लिप बिजागरीच्या हातांवर बसवाव्या लागतात. घोरपडीच्या पंजाला छत्रीच्या काड्या जोडायच्या.

आणि छत्रीचं गणित मोठं हट्टी आहे. मिटलेल्या छत्रीत काडी दांड्याला जवळपास चिकटलेली असते. समजा त्यांच्यातला कोन ५ अंश आहे. दांड्याच्या दिशेने १०० किलो जोर लावला तर काडीचं टोक बाहेर रेटलं जातं जेमतेम ९ किलोने. कोन ४५ अंश झाला की तोच जोर पूर्ण १०० किलो होतो, ६० अंशांना १७३. पंक्चर झाल्यावर गाडीखाली लावायचा कात्रीचा जॅक आठवा. तो पूर्ण बसलेला असतो तेव्हाचे पहिले फेरे सगळ्यात जड जातात. खाली जाऊन आडव्या वळवलेल्या विहिरीत तर उपकरण आपल्या वजनाने तळाला पडलेलं असतं. त्याला उचलून मधोमध आणायचं काम काड्यांवर नेमकं त्या सगळ्यात दुबळ्या असतात तेव्हाच येतं. म्हणून काड्यांच्या खाली एक छोटा उतार ठेवतात. तो त्यांना पहिला धक्का देतो, कोन जरा उघडतो, आणि पुढचं काम काड्या स्वतः करतात. या उताराला दोन-तीन मिलिमीटर जागा लागते. ती कुठून काढायची, यावर आराखड्याची कितीतरी आवर्तनं खर्ची पडतात.

मधोमध असण्याचा एवढा अट्टहास कशाला? केसिंगमागचं सिमेंट तपासणारं उपकरण बघा, त्यालाही अशाच काड्या मधोमध धरतात. ते आवाजाचा ठोका देतं आणि पाइप किती घणघणतो ते ऐकतं. मागे सिमेंट पक्कं असेल तर आवाज दबतो. पण उपकरण एका बाजूला कलंडलं तर जवळच्या भिंतीचा आणि लांबच्या भिंतीचा आवाज एका वेळी पोचत नाही, ते एकमेकांना मारतात, आणि नोंद होते दबलेल्या आवाजाची. म्हणजे काही मिलिमीटर कललेलं उपकरण कच्च्या सिमेंटला पक्कं ठरवू शकतं. या विषयात मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

केसिंगही मधोमध लागतं. ते खडकाला एका बाजूने टेकलं तर सिमेंट शेतातल्या पाटाच्या पाण्यासारखं मोकळ्या बाजूने निघून जातं, आणि अरुंद बाजूला खोदकामात वापरलेला जुना चिखल तसाच राहतो. हे टाळायला केसिंगवर बाहेरून कमानी स्प्रिंगांचे पट्टे बसवतात, ते सेंट्रलायझर. मेक्सिकोच्या आखातातल्या मॅकोंडो या तेलविहिरीसाठी, सिमेंटचं काम करणाऱ्या हॅलिबर्टन कंपनीच्या गणिताने २१ सेंट्रलायझर सुचवले होते. बसवले गेले ६. आणखी १५ हेलिकॉप्टरने आले होते, पण ते चुकीच्या प्रकारचे आहेत अशी विहीर खोदवून घेणाऱ्या बीपी या तेल कंपनीच्या अभियंत्यांची समजूत झाली आणि ते वापरलेच नाहीत. सिमेंट तपासायला आलेलं पथकही तपासणी न करता परत पाठवलं गेलं. त्याच दिवशी, २० एप्रिल २०१० च्या रात्री, स्फोट झाला आणि ११ माणसं गेली. सहाच सेंट्रलायझर हे एकमेव कारण होतं असं म्हणता येणार नाही. सिमेंटचं मिश्रण अस्थिर होतं, दाबाच्या चाचणीचा अर्थही चुकीचा लावला गेला. पण पाइप मधोमध आहे की नाही, ही बाब तिथे दुय्यम मानली गेली हे खरं.

राहिला परतीचा प्रवास. बूच कायमचं खाली राहतं, तपासणीचं उपकरण मात्र वर यायलाच हवं. चक्रव्यूहात शिरलेला अभिमन्यू इथे चालत नाही. उघड्या काड्या घेऊन उपकरण वर येतं तेव्हा वाटेत ट्यूबिंगचं खालचं तोंड लागतं, आणि अडकायची जागा तीच. म्हणून काड्यांची वरची बाजू तिरपी ठेवतात, म्हणजे ते तोंडच त्यांना दाबून मिटवतं. सांध्यात वाळू बसून काडी मिटली नाही तर काय? त्यासाठी एक छोटी पितळी पिन असते. ठरलेल्या ताणाला ती तुटते आणि काड्यांमागचा आधार निसटतो. अख्ख्या उपकरणात तुटण्यासाठीच बनवलेला हा एक भाग, आणि त्याची जाडी सगळ्यात काळजीने ठरवावी लागते. बारीक ठेवली तर जातानाच तुटेल. जाड ठेवली तर पिनेआधी उपकरण जिच्यावर लटकतं ती तारच तुटेल, आणि मग गळ शोधावा लागेल.

वर आलेलं उपकरण धुऊन पुसून फळ्यांवर ठेवतात. काड्यांच्या टोकांना लहान चाकं असतात. तिरक्या विहिरीत खालच्या बाजूची चाकं चपटी झालेली दिसली तर काड्यांना बाहेर रेटणाऱ्या स्प्रिंगला वजन पेललं नाही, उपकरण पूर्ण वाटभर घासत आलं, हे बोटानेच कळतं. तशा वेळी आलेखावर सिमेंट कितीही पक्कं दिसो, तपासणी पुन्हा करायची.