फॅटी लिव्हरसाठी प्रोटीन पावडर नेताय? सील फोडण्याआधी वाचा

सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन दुकानात येणारे हल्ली वाढले आहेत. रिपोर्टवर ‘ग्रेड १’ किंवा ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’, वजन नव्वदच्या पुढे, आणि प्रश्न एकच: प्रोटीन घेतलं तर लिव्हरची चरबी उतरते का? काउंटरवर गर्दी असली की नीट सांगणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

उतरू शकते. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ११ लठ्ठ स्त्रियांना चार आठवडे रोज ६० ग्रॅम व्हे प्रोटीन (दूध फाटल्यावर निघणाऱ्या निवळीतलं प्रोटीन) दिलं गेलं. वजनात फरक नसतानाही यकृतातली चरबी सरासरी २१ टक्क्यांनी घटली. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पण बायका अकराच, आणि तुलनेला पावडर न घेणारा दुसरा गट नव्हता. त्यामुळे एवढ्यावर आम्ही कोणाला खात्री देत नाही. २०१७ साली जर्मनीतून आलेल्या अभ्यासात मधुमेही मंडळींना सहा आठवडे भरपूर प्रोटीनचा आहार दिला होता, काहींना दूध-मांसातून, काहींना वनस्पतींतून. चरबी दोन्हीकडे उतरली. म्हणजे डाळी-कडधान्यांनीही काम होतं. डबे विकतो म्हणून हे लपवायचं कशाला?

आता मुद्द्याचं. महिन्याभरात अर्धा रिकामा डबा घेऊन लोक परत येतात: “वजन उलट दोन किलो वाढलं, पावडर डुप्लिकेट आहे.” आम्ही विचारतो, घेता कशी? उत्तर जवळपास ठरलेलं असतं. मोठा ग्लास म्हशीचं दूध, दोन केळी, दोन मोठे चमचे मध, त्यात पावडरचा एक स्कूप (डब्यातला मापाचा चमचा). आणि वर नेहमीचे पोहे, चहा-खारी चालूच. हिशेब करा. पाण्यातल्या एका स्कूपच्या साधारण १२० कॅलरी. तोच स्कूप वरच्या थाटात घेतला की साडेसहाशेच्या पुढे. पाच-सहा फुलके जास्तीचे पोटात गेले, तेही रोज. गरजेपेक्षा जास्त गेलेल्या साखरेची चरबी करण्याचं काम लिव्हरच करतं, मग ती उतरणार कुठून?

पावडर जेवणावर चढवायची नसते, जेवणातलं काहीतरी काढून त्या जागी घ्यायची असते. खारी-बिस्किटं बंद, त्या जागी पाण्यात किंवा पातळ ताकात एक स्कूप. ताकाला बिनचवीची पावडर घ्या, चॉकलेटची नको (एकांनी करून पाहिलं आहे). गरम दुधात टाकू नका, गुठळ्या होतात. प्रोटीनने पोट भरल्यासारखं राहतं आणि वजन उतरताना स्नायू टिकायला मदत होते. खरा फरक वजन उतरल्याने पडतो. डॉक्टर सहसा ७ ते १० टक्के सांगतात, म्हणजे नव्वद किलोच्या माणसाने सहा ते नऊ किलो.

मोठा आणि स्वस्त दिसतो म्हणून ‘मास गेनर’चा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरचा डबा उचलू नका. त्यात बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे पिष्टच असतं. फॅटी लिव्हर सांगितलंत तर तो आम्ही देणारच नाही. ग्रीन टी अर्काच्या ‘फॅट बर्नर’ गोळ्याही नाही. त्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) वाढलेलं असेल किंवा सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आम्ही रिपोर्ट मागतो तेव्हा काहींना राग येतो, पण पावडर हे औषध नव्हे, तसं डब्यावरही छापलेलं असतं.

सुटी पावडर आम्ही ठेवत नाही. २०२४ मध्ये भारतातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या, तेव्हा त्यातल्या सुमारे ७० टक्के पावडरींच्या डब्यांवर प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला. म्हणून आमच्याकडचा माल थेट अधिकृत वितरकाकडून येतो, बिलावर बॅच नंबर असतो, डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक तुमच्यासमोर तपासून देतो. बाजारात याहून स्वस्त मिळेल, मान्य आहे. सील फोडलेला डबा मात्र परत घेत नाही; उघडलेला डबा पुढच्या गिऱ्हाइकाला कसा द्यायचा?

पहिल्यांदा घेत असाल तर दोन किलोचा नको, अर्धा किलोचाच न्या. रोज एक स्कूप धरला तर पंधरा-सोळा दिवस जातो, आणि पचतो की पोट फुगतं तेही कळतं. सोबत शेकर आमच्याकडून. येताना सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाता ते कागदावर लिहून आणा, साखरेच्या चहासकट.