फ्लरी: रहिवासी शून्य, मेअर एक

फ्रान्सच्या ईशान्येला, व्हर्डन शहरालगतच्या टेकड्यांवर फ्लरी-दवाँ-दुओमाँ नावाची कम्यून आहे. कम्यून म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत. लोकसंख्या शून्य. आपल्या महसुली दप्तरात बेचिराख गावं असतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त या गावाला मेअर आहे.

म्यूज नदीच्या उजव्या अंगाला चुनखडीच्या टेकड्यांची रांग आहे. पश्चिमेला नदीचं खोरं, पूर्वेला खाली सपाट, पाणथळ मैदान. फ्लरी या रांगेच्या माथ्यावरचं. १९१३ साली इथे ४२२ माणसं राहत होती.

हा माथा लष्कराच्या डोळ्यांत भरला तो १८७१ नंतर. प्रशियाशी झालेल्या युद्धात अल्सास आणि लॉरेनचा मोठा भाग गेला, सरहद्द अलीकडे सरकली, आणि फ्रेंचांनी व्हर्डनभोवती किल्ल्यांचं कडं उभारलं. त्यातला दुओमाँ फ्लरीच्या उत्तरेला, सूव्हिल दक्षिणेला. गाव नेमकं दोघांच्या मध्ये. गावाचं दैव खरं तर तेव्हाच ठरलं.

फेब्रुवारी १९१६ मध्ये जर्मन हल्ला सुरू होताच गाव रिकामं केलं गेलं. २५ तारखेला दुओमाँ पडला. आता शहराकडे सरकायचं तर सूव्हिल घ्यायला हवा, आणि सूव्हिलची वाट फ्लरीवरून. २३ जूनला, डायफॉस्जीन या विषारी वायूच्या तोफगोळ्यांचा मारा करून, जर्मन गावात शिरले. पुढे ऑगस्टपर्यंत गाव सोळा वेळा या हातातून त्या हातात गेलं, असं सांगतात. शेवटी फ्रेंचांच्या वसाहती पायदळाने ते परत घेतलं. घेतलं म्हणजे काय, तर उकरलेली माती.

युद्धानंतर उत्तर फ्रान्समधली कितीतरी उद्ध्वस्त गावं पुन्हा बांधली गेली. इथे ते जमलं नाही, कारण जमीनच उरली नव्हती: न फुटलेले गोळे, विषारी रसायनं, माणसांचे अवशेष. नांगर घालणं जिवावरचं. सरकारने हा पट्टा ‘लाल क्षेत्र’ ठरवून तिथे झाडं लावली. आज त्या झाडांखाली खड्ड्याला खड्डा लागून आहे. मधल्या पायवाटांवर छोट्या पाट्या: इथे बेकरी होती, इथे शाळा. जिथे रेल्वे स्टेशन होतं तिथे १९६७ पासून युद्धस्मारकाचं संग्रहालय आहे.

व्हर्डन परिसरात अशी नऊ गावं नष्ट झाली. त्यांतल्या सहांत आजही कुणी राहत नाही. तरी त्यांचा कम्यूनचा दर्जा काढलेला नाही. मतदार नाहीत म्हणून निवडणूक नाही. प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखा अधिकारी, मेअरसह तिघांची समिती नेमतो.