मामा तलावांतील पाणवनस्पतींची लागवड

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत, मुख्यतः भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत, जुन्या गावतलावांमध्ये देशी पाणवनस्पती पुन्हा लावून मासे व पाखरे परत आणण्याचा लोकउपक्रम. ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्था आणि बायकांचे बचतगट तो राबवतात. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने त्याला अभ्यासाची जोड दिली.

'मामा' म्हणजे माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले तलाव. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळे, आणि या कामात कोहळी समाजाचा हात धरणारा कोणी नव्हता. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावे सांगितला जातो. धानाच्या बांधीला (भातखाचराला) पाणी, गुरांना पाणी, ढिवरांना मासोळी असा एका तलावावर सारा गाव जगे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. तलावाच्या पाळीची (बांधाची) डागडुजी करायची कोणी, याचे उत्तर मात्र कोणाकडेच आले नाही.

त्यानंतर तलावात बेशरम माजली. अमेरिका खंडातून आलेली ही वनस्पती. तिची फांदी तोडून काठावर फेकली तरी ती तिथेच मुळे धरते. झाडाचे नाव अगदी नेमके पडले आहे. त्यातच जास्त उत्पन्नासाठी बाहेरून आणलेले मासे सोडले गेले. त्यांतला गवत्या पाणगवत खातो, सायप्रिनस तळाचा चिखल उकरतो. गवत गेले की अंडी घालायला व पिल्लांना लपायला जागा उरत नाही. मग मरळ, शिंगी, मांगूर हे गावरान मासेही रोडावतात.

म्हणूनच या उपक्रमात मत्स्यबीज सोडण्याआधी गवत लावतात. उन्हाळ्यात पाणी आटले की उघड्या पडलेल्या भागातली बेशरम मुळासकट खणून काढतात आणि तळ नांगरतात. पावसाळ्यात पाणी चढू लागले की शेजारच्या चांगल्या तलावातून आणलेल्या वनस्पती गुडघाभर पाण्यात उभे राहून चिखलात खोचायच्या. धानाची रोवणी करणाऱ्या हातांना हे काम वेगळे शिकवावे लागत नाही. कोणती वनस्पती कुठल्या खोलीला जगते आणि कोणत्या माशाला ती लागते, हे ज्ञान बहुतांशी ढिवरांचेच आहे. पाण्याखाली हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया, तरंगत्या पानांची कुमुदिनी, काठाच्या उथळ भागात देवधान (रानटी भात), अशी या वनस्पतींची उतरंड असते.

पाखरांचा हिशेबही याच उतरंडीवर चालतो. कमळपक्षी तरंगत्या पानांवरच चार अंडी घालतो. ती तपकिरी, चकचकीत आणि शाईने गिरवल्यासारखी काळ्या रेघांची असतात. अंडी उबवण्याचे काम नराचे. मादी पुढच्या घरट्याच्या तयारीला लागते. हिवाळ्यात येणारी लालसरी बुडी मारून पाण्याखालच्या वनस्पती खाते. महाराष्ट्रात सारस आज मुख्यतः याच पट्ट्यात उरला आहे. धानाच्या बांधीत घरटे करणारे हे पाखरू कंदांसाठी तलावाच्या उथळ काठावर उतरते.

उथळ काठ हाच सध्या वादाचा मुद्दा आहे. गाळ काढण्याची सरकारी कामे जेसीबीने होतात आणि काम काढलेल्या गाळाच्या घनमीटरात मोजले जाते. यंत्राने काठ उभा कापला की पाणी जास्त साठते खरे, पण देवधानाला टेकायला जागा राहत नाही. मच्छीमार संस्था आता काही ठिकाणी काठाचा उतार सोडून मधला गाळ काढा, अशी मागणी करतात.