मुक्त-स्रोत प्रकल्पातील स्वयंसेवी कामाचे संयोजन

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो ते मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर. असा कोड पुष्कळदा विनावेतन आणि एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे लिहितात. त्यांना काम सुचवणे, आलेले काम तपासणे आणि योग्य ते मूळ प्रकल्पात सामावून घेणे याला संयोजन म्हणतात. ते पाहणाऱ्याला ‘देखभालकर्ता’ असा प्रतिशब्द आहे. बोलताना सगळे मेंटेनरच म्हणतात.

सातारा-सांगलीकडच्या वाचकाला इर्जिक सांगावी लागत नाही. अडलेल्याच्या रानात गावाने औते घेऊन जायचे, मजुरी नाही, जेवण मात्र घरधन्याचे. औते बांधावर येऊन थांबली आणि कुठला पट्टा कुणी धरायचा हेच ठरलेले नसले, तर अर्धा दिवस तंबाखू मळण्यात जातो. कोरेगाव तालुक्यातले वेळू हे गाव 2016 च्या पहिल्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत पहिले आले; तसल्या श्रमदानातही माणसे येण्याआधी चरांची फक्की पडलेली लागते. सॉफ्टवेअरमधली फक्की म्हणजे इश्यूंची यादी: काय बिघडले आहे, ते कसे दिसते, कुठली फाइल उघडायची. त्यातले सोपे काम ‘नवख्यांसाठी’ अशी खूण करून मुद्दाम राखून ठेवतात. मेंटेनरने स्वतः केले तर ते दहा मिनिटांत उरकेल, नवख्याला आठवडा लागेल. तरीही ठेवतात, कारण उद्याचा तपासनीस त्यातूनच तयार होतो.

साम्य इथे संपते. खणलेला चर डोळ्यांना दिसतो. कोड मात्र ओळ न् ओळ वाचावा लागतो. म्हणून अशा प्रकल्पात सहसा लिहिणाऱ्यांपेक्षा तपासणाऱ्यांची टंचाई जास्त असते. हॅक्टोबरफेस्ट हा मुक्त-स्रोत कामाला चालना देणारा ऑक्टोबर महिन्यातला उपक्रम. त्यात 2020 मध्ये ठरावीक संख्येने बदल पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळणार होता. माहितीच्या फाइलीत एखादे विशेषण घुसडणारे बदल ढिगाने आले आणि मेंटेनर वैतागले. अखेर ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला तिथलेच बदल मोजायचे, असा नियम आयोजकांना ऐन महिन्यात करावा लागला. फुकटचे काम तपासणाऱ्याला फुकट पडत नाही.

मोठे प्रकल्प हा भार वाटून घेतात. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये सुरू केलेल्या लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यात, प्रत्येक विभागाला वेगळा मेंटेनर आहे. पॅच, म्हणजे कोडमधला पाठवलेला बदल, आधी त्याच्याकडे जातो. नवी आवृत्ती साधारण 9 ते 10 आठवड्यांनी निघते. नवे काम सुरुवातीच्या सुमारे 2 आठवड्यांतच आत येते, मग उरतात त्या दुरुस्त्या. पॅच पाठवणारा खाली आपली नाममुद्रा घालून तो देण्याचा हक्क आपल्याला असल्याची ग्वाही देतो; ही पद्धत 2004 पासूनची. अपाची या मुक्त-स्रोत संस्थेच्या प्रकल्पांत कोडमधील बदलावर नकाराधिकार चालतो, पण तांत्रिक कारण दिले तरच. नुसते ‘मला पटत नाही’ मोजले जात नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक खिडो फान रॉसम 2018 मध्ये अंतिम निर्णयाच्या जागेवरून बाजूला झाले, आणि 2019 पासून निवडून आलेले 5 जणांचे मंडळ तो कारभार पाहते.

एकट्या मेंटेनरची दमछाक धोक्याची ठरते. एक्सझेड ही फाइली आक्रसून लहान करणारी साधने. तिथे टोपणनावाने आलेल्या एकाने दोनेक वर्षे उपयोगी काम करून विश्वास कमावला, थकलेल्या मेंटेनरकडून अधिकार मिळवले आणि चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्यांना लॉगिनला अर्धा सेकंद जादा लागताना दिसला, म्हणून तो सापडला.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात (स्थापना 1947) विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्ता गट आहे. या भागातल्या विद्यार्थ्याला कोडच लिहिता आला पाहिजे असे नाही; पडद्यावर मराठी नीट उमटते का हे पाहणे हेही काम आहे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे; ‘दऱ्या’मधला ऱ्य नीट जुळला नाही तर वाचणारा अडखळतो. हे बर्लिनच्या मेंटेनरला दिसणार नाही, मिरजेच्या मुलीला पहिल्या ओळीत दिसेल. अनुवादातही एक शब्दसूची आधी ठरवावी लागते, नाहीतर एकाच्या पडद्यावर ‘फाइल’ आणि दुसऱ्याच्या ‘संचिका’ उमटते; आणि या वादात लोक भावकीच्या बांधासारखे भांडतात.

विद्यार्थी गटाची खरी अडचण उन्हाळ्यात येते. शेवटच्या वर्षाची मुले नोकरीला पुण्या-बंगळुरूला जातात आणि अधिकार, पासवर्ड, कुठला बदल का नाकारला याची आठवण त्यांच्याबरोबर जाते. 1993 मध्ये सुरू झालेल्या डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीच्या प्रकल्पाने अशा वेळेसाठी सरळ सोय केली आहे: ज्याला पुढे जमत नाही तो आपण सांभाळत असलेले पॅकेज (सॉफ्टवेअरचा गठ्ठा) ‘अनाथ’ म्हणून जाहीर करतो. ती यादी सर्वांना खुली असते, आणि ज्याला ते सांभाळायचे आहे तो तिथे तसे कळवून ते दत्तक घेतो.